एका वेळी एकच कळी

आंबिया बहाराची फळगळ लागली की चांदूर बाजार तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांत झाडाखाली हिरवा-पिवळा सडा पडतो. कास्तकाराच्या लेखी ते पैसे मातीत गेलेले असतात. तो तिकडे बघायचेही टाळतो. पण पडताना साल फाटलेले एखादे फळ दोन दिवसांनी उचलून नाकाशी नेले, तर आंबूस, किंचित दारूसारखा वास येतो. चिलटे त्याआधीच जमलेली असतात. सालीवर निवांत बसलेल्या यीस्टच्या पेशींना रसातली साखर सापडलेली असते. फुटलेल्या पिकल्या फळावर लवकर पोहोचणाऱ्यांत हॅन्सेनिआस्पोरा नावाचे यीस्ट हमखास आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पेशी लिंबासारखी दिसते, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. हा आकार उगाच आलेला नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

हा परिचय मात्र त्याच्या जास्त नावाजलेल्या नातलगाचा, सॅकरोमायसेस सेरेव्हिसीचा आहे. बेकरीतला पाव फुगवणारे आणि डिस्टिलरीत मळीपासून मद्यार्क काढणारे ते हेच. त्यातही त्याच्या एकाच कामाचा परिचय इथे करून द्यायचा आहे, ते म्हणजे अंगावर कळी काढण्याचे. शाळेच्या पुस्तकात याला मुकुलायन म्हणतात. चित्रही सगळ्यांच्या ओळखीचे आहे: एक गोल पेशी, तिच्या अंगावर छोटा फुगवटा, पुढच्या चित्रात फुगवटा मोठा, शेवटी दोघी वेगळ्या. दोन गुणांचा प्रश्न, आकृती काढा आणि नावे द्या. फुगवटा नेमका त्याच जागी का आला, हे चित्र सांगत नाही आणि परीक्षेत कोणी विचारत नाही.

खरे तर या पट्ट्यात हा प्रश्न आपसूक सुचायला हवा. जवळच्या वरुड तालुक्यात शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमे बांधतात. कलम बांधणारा जंबेरीच्या खुंटापाशी उकिडवा बसतो, जमिनीपासून वीतभर वर बोटाने चाचपून गुळगुळीत बाजू शोधतो, चाकूने इंग्रजी टीच्या आकाराची चीर देतो, साल हलकेच उचलून संत्र्याचा डोळा आत सरकवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतो. डोळा कुठे फुटायचा ते त्याने ठरवलेले असते. यीस्टच्या पेशीला असा बाहेरचा माणूस नाही. तिची जागा तिला आतूनच ठरवावी लागते.

अडचण केवढी आहे ते आधी पाहू. ही पेशी साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे दोनशे पेशी एका रांगेत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. आकार गोल. गोलाला ना डोके असते ना शेपूट. त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दुसऱ्यासारखाच. त्या सगळ्यांतून एक बिंदू निवडायचा आणि एकच निवडायचा. पेशीकडे वाटायला केंद्रकाची एकच प्रत तयार होते. दोन कळ्या एकदम फुटल्या तर एकीच्या वाट्याला केंद्रक जाईल आणि दुसरी रिकामी राहील. साखर भरपूर असेल आणि तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर हा सगळा खेळ सुमारे दीड तासात आटोपतो आणि लगेच पुढच्या कळीची तयारी लागते.

प्रत्येक कळी तुटून गेली की आईच्या अंगावर कायटिनचे एक कडे मागे राहते. कापड आणि कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरतात त्यांतला कॅल्कोफ्लोर हा रंग टाकून अतिनील प्रकाशात पाहिले, तर ही कडी निळसर चमकतात आणि सरळ मोजता येतात. एक पेशी आयुष्यात साधारण वीस ते तीस कळ्या काढते, मग थकते. जितकी कडी तितकी बाळंतपणे झाली असे समजावे. जुन्या कड्याच्या आत मात्र ती पुन्हा कळी काढत नाही. तिथे मनाई ठेवण्याचे काम आरजीए१ नावाच्या प्रथिनाकडे असते.

या यंत्राचे भाग कोणते, हे कळले ते यंत्र बिघडवून. अमेरिकेत सिएटलला लेलँड हार्टवेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस यीस्टचे असे विकारी वाण शोधायला सुरुवात केली, की जे नेहमीच्या तापमानाला नीट वाढतात आणि ३६-३७ अंशांवर नेले की अडतात. कळीचा आकार पाहून पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखता येते, ही त्यांची साधी पण फार मोठी युक्ती. बहुतेक वाण कळी असताना अडत. काही थोडे मात्र कळी न काढताच अडत, आणि गंमत अशी की त्यांचे बाकीचे कामकाज चालूच राही. पेशी फुगत जाई, केंद्रके एकाची दोन आणि दोनाची चार होत, पण अंगावर कुठेही फुगवटा नाही. वाढ होती, दिशा नव्हती. या कामाबद्दल हार्टवेल यांना २००१ साली पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर नोबेल मिळाले. दिशा हरवलेल्या वाणांच्या मागे मात्र जॉन प्रिंगल आणि त्यांचे सहकारी चिकाटीने लागले. १९७८ साली त्यांनी सीडीसी२४ या जनुकातल्या बिघाडाचे वर्णन केले आणि १९९० साली सीडीसी४२चे. नावे रुक्ष आहेत, त्याला इलाज नाही. यीस्टवाल्यांनी जनुकांची नावे गोदामातल्या पोत्यांवर टाकावीत तशी टाकली आहेत.

सीडीसी४२ हे १९१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन या यंत्राच्या मध्यभागी आहे. त्याच्या दोन अवस्था असतात. जीटीपी हा रेणू धरलेला असला की ते जागे, जीडीपी धरलेला असला की झोपलेले. सीडीसी२४ त्याला जागे करते. बेम२, बेम३, आरजीए१ आणि आरजीए२ ही प्रथिने त्याला झोपवतात. जिथे जागे सीडीसी४२ दाटीने जमते तिथे कळी फुटते. मग सगळा प्रश्न एवढ्यावर येतो: सीडीसी४२ पेशीच्या साऱ्या पटलावर पसरलेले असताना एकाच ठिकाणी दाटी का होते?

इथे बेम१ येते. लांबी ५५१ अमिनो आम्लांची. याच्याकडे स्वतःची रासायनिक कारागिरी नाही. ते काही कापत नाही, काही जोडत नाही, कोणाला फॉस्फेट लावत नाही. ते फक्त धरून ठेवते. त्याच्या एका भागाला सीडीसी२४ चिकटते. दुसऱ्या भागाला सीएलए४ नावाचे प्रथिन चिकटते, आणि सीएलए४ची ओढ असते ती जाग्या सीडीसी४२कडे. बेम१ स्वतःही जाग्या सीडीसी४२ला आणि पटलातल्या मेदद्रव्यांना धरू शकते. अशा प्रथिनांना स्कॅफोल्ड म्हणतात, इमारतीच्या परांचीवरून. मला विचाराल तर हे नाव त्यांच्यावर थोडा अन्यायच करते. परांची काम झाले की उतरवतात आणि ती इमारतीत काही घडवून आणत नाही. बेम१ मात्र कोण कोणाच्या शेजारी येणार हे ठरवते, आणि पेशीत शेजार ठरला की पुढचे बरेचसे ठरते.

कसे ते पाहा. पटलावर कुठेतरी, निव्वळ योगायोगाने, एक-दोन सीडीसी४२ जागे होतात. तिथे सीएलए४ येऊन चिकटते. त्याच्यासोबत बेम१ येते, बेम१सोबत सीडीसी२४. आता जागे करणारे प्रथिन जाग्यांच्या मधोमध येऊन बसले, म्हणून शेजारची झोपलेलीही जागी होऊ लागतात. ती जागी झाली की आणखी सीएलए४, आणखी बेम१, आणखी सीडीसी२४. चांदूरच्या बाजारात जिथे चार माणसे वाकून काही पाहताना दिसतात तिथे पाचवा जातोच, आणि पाचवा गेला म्हणून दहावा जातो, तसे हे आहे. बाजाराइतकीच इथेही महत्त्वाची गोष्ट ही, की येणारी माणसे मोजकी असतात. बेम१ आणि त्याचे साथीदार पेशीच्या द्रवात झपाट्याने फिरतात, पण पटलावर बसले की त्यांची चाल मंदावते. दोन जागी दाटी सुरू झाली तर दोन्ही त्याच एका साठ्यातून ओढतात. जी किंचित मोठी, तिची ओढ किंचित जास्त. म्हणून ती आणखी मोठी होते आणि दुसरीची माणसे पळवते. एक-दोन मिनिटांत एकच उरते.

साध्या रसायनांच्या अशा आपसातल्या क्रियेतून एकसारख्या पृष्ठभागावर ठिपके उमटू शकतात, हे ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली कागदावर दाखवले होते. यीस्टमध्ये त्याचा प्रत्यय दिसू लागल्यावर भौतिकशास्त्रज्ञांना फारच आनंद झाला, आणि समीकरणे मांडणाऱ्यांची या पेशीभोवती गर्दी झाली. समीकरणे सुंदर आहेत यात वाद नाही. पण मला स्वतःला पटला तो ड्यूक विद्यापीठातल्या डॅनियल ल्यू यांच्या प्रयोगशाळेचा २००९ सालचा प्रयोग. तर्क असा, की दाट्यांची स्पर्धा बेम१च्या वेगवान फिरण्यामुळे झटपट निकाली निघत असेल, तर बेम१ला मंद केले की स्पर्धा रेंगाळायला हवी. त्यांनी बेम१ला एसएनसी२ या प्रथिनाशी जोडून टाकले. एसएनसी२ माल वाहणाऱ्या पुटिकांच्या पटलात रुतलेले असते. आता बेम१ला द्रवातून मोकळे पळता येईना; पुटिकांच्या वाहतुकीतूनच यावे-जावे लागे. स्पर्धा खरेच रेंगाळली, आणि काही पेशींत निकाल लागण्याआधीच काम सुरू झाले. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच आईला एकाच वेळी दोन कळ्या दिसल्या. शाळेच्या पुस्तकात कधी न आलेले ते चित्र होते. एकच कळी हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. तो स्पर्धेच्या वेगातून निघतो, आणि वेग बदलला की मोडतो.

जागा ठरली की बाकीची मंडळी कामाला लागतात. तिथे बीएनआय१ हे प्रथिन ॲक्टिनचे धागे विणू लागते; ते धागे त्या जागेपासून पेशीभर पसरतात. धाग्यांवरून मायो२ नावाची मोटर पुटिका ओढत आणते, त्यांत नव्या भिंतीचे सामान असते. बीएनआय१ आणि त्याचे सोबती एकत्र ठेवायला तिथे आणखी एक स्कॅफोल्ड हजर असते, एसपीए२. आणि कळीच्या देठाशी सेप्टिन प्रथिनांचे वळे बसते. १९७६ साली ब्रेक बायर्स आणि लोरेटा गोएच यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात या देठाभोवती दहा नॅनोमीटर जाडीचे धागे दिसले होते, ते सेप्टिनचेच. हे वळे आईचे आणि मुलीचे सामान वेगळे ठेवते आणि विभाजनाच्या कामाला जागा करून देते. या वळ्यालाही पुढे अनेक प्रथिने येऊन चिकटतात, म्हणजे तेही एका अर्थी स्कॅफोल्डच.

आतापर्यंत गोल पेशीची जागा योगायोगाने ठरते असे सांगितले. निसर्गात मात्र यीस्ट योगायोगावर फारसे विसंबत नाही. मागची कळी कुठे होती याची खूण ते ठेवते. गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी पुढची कळी मागच्या कड्याला खेटून काढते. दोन संच असलेली पेशी कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. १९९१ साली जॉन चांट आणि आयरा हर्सकोविट्झ यांनी ही सवय बिघडलेले वाण शोधले आणि बड या आडनावाची जनुके हाती आली. खुणेची प्रथिने आरएसआर१ या दुसऱ्या स्विचला जागे करतात, आरएसआर१ सीडीसी२४ला बोलावते, आणि स्पर्धा सुरू होण्याआधीच एका उमेदवाराला वजन मिळते. आरएसआर१ काढून टाकले तर कळी कुठेही फुटते, पण फुटते, आणि एकच फुटते. आरएसआर१ आणि बेम१ दोन्ही काढले तर मात्र बहुतेक पेशींना कळी काढताच येत नाही.

संत्र्यावरच्या त्या हॅन्सेनिआस्पोराचे गुपित इथेच आहे. ते फक्त दोन टोकांवर कळ्या काढते, आळीपाळीने, पुन्हापुन्हा. टोकांवर सतत बांधकाम चालू असल्याने ती ताणली जातात आणि पेशी लिंबासारखी होते. तिचा आकार म्हणजे तिच्या दिशेची सवय आहे, भिंतीत उतरलेली.

दिशा फक्त कळीसाठीच लागते असे नाही. यीस्टमध्ये ए आणि अल्फा असे दोन प्रकार असतात. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचा एक गंध सोडते. तो लागला की ए पेशी कळीचे काम थांबवते आणि गंधाच्या दिशेने नाक काढते. हा संदेश बाहेरून केंद्रकापर्यंत नेण्याचे काम तीन प्रथिनांची साखळी करते, एसटीई११, एसटीई७ आणि एफयूएस३. तिघांनाही एकत्र धरणारे स्कॅफोल्ड म्हणजे एसटीई५. तेच एसटीई११ खारट पाण्याच्या धक्क्याला तोंड देणाऱ्या साखळीतही काम करते. मग मीठ लागल्यावर पेशी लग्नाला का उठत नाही? कारण ते काम करते कोणाच्या शेजारी बसून, त्यावर संदेश ठरतो. कॅलिफोर्नियातल्या वेंडेल लिम यांच्या गटाने २००३ साली दोन साखळ्यांची स्कॅफोल्डे कापून-जोडून एक उफराटे स्कॅफोल्ड बनवले. ते बसवलेल्या पेशीला जोडीदाराचा गंध दिला, तर ती मिठाला द्यायचे ते उत्तर देऊ लागली. कामगार तेच राहिले, फक्त बसायच्या जागा बदलल्या.

महाराष्ट्रात या विषयाच्या जवळचे काम झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. १९५० साली उघडलेल्या या संस्थेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचे वाण जपून ठेवलेले असतात. तिथेच मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी या बुरशीवर बरीच वर्षे काम केले. ही बुरशी द्विरूपी आहे. तापमान आणि ग्लुकोजचे प्रमाण यांनुसार ती कधी यीस्टसारखी कळ्या काढते, कधी लांब तंतू होऊन वाढते. कळी म्हणजे थोडा वेळ एका दिशेला आणि मग थांबणे; तंतू म्हणजे त्याच दिशेला न थांबता जात राहणे. माणसाला त्रास देणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकान्सचेही असेच. यीस्टच्या रूपात ती बऱ्याच जणांच्या अंगात गुपचूप राहते. तंतूंच्या रूपात ती ऊतकात घुसते.

माणसाच्या पेशीतही सीडीसी४२ आहे. यीस्टच्या आणि आपल्या सीडीसी४२मध्ये सुमारे ८० टक्के अमिनो आम्ले जशीच्या तशी जुळतात, आणि १९९०च्या सुमारास असे दिसले, की यीस्टचे स्वतःचे सीडीसी४२ निकामी असताना माणसाचे घातले तरी कळी फुटते. आपल्या चेतापेशीला अनेक फाट्यांपैकी एकच लांब अक्षतंतू काढायचा असतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला वर कोणते आणि खाली कोणते हे ठाऊक असावे लागते. तिथेही हेच प्रथिन आहे. त्याच्या सोबत बेम१ नसते. पार६ आणि पार३ ही वेगळी स्कॅफोल्डे असतात.

मग बेम१ खरेच इतके अटळ आहे का? हार्वर्डमध्ये अँड्र्यू मरे यांच्याकडे काम करताना लिडेवाय लान यांनी बेम१चे जनुक काढून टाकले आणि त्या मरतुकड्या पेशींना सुमारे हजार पिढ्या वाढू दिले. निकाल २०१५ साली छापून आला. पेशी पुन्हा धडधाकट झाल्या होत्या, जवळजवळ मूळच्या वेगाने वाढत होत्या. बेम१च्या जागी दुसरे स्कॅफोल्ड उगवले नव्हते. उलट पेशींनी आणखी जनुके गमावली होती, आणि वेगवेगळ्या वाणांत जवळपास त्याच क्रमाने. आधी बेम३ गेले, मग इतर. बेम३ म्हणजे सीडीसी४२ला झोपवणाऱ्यांपैकी एक.

लान पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेल्या आणि म्युनिकच्या एर्विन फ्राय यांच्या गटाबरोबर त्यांनी याची समीकरणे मांडली. त्यांतून निघाले ते असे. बेम१शिवाय दाटी जमवण्याची एक पद्धत पेशीत आधीपासून होती, पण ती जागे करणारे, झोपवणारे आणि सीडीसी४२ यांचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात असेल तेव्हाच चालते. नेहमीच्या पेशीत झोपवणारे इतके असतात, की ती पद्धत दबून राहते. बेम३ गेले, प्रमाण पट्ट्यात आले आणि दबलेली पद्धत चालू झाली. बेम१ असताना हेच प्रमाण इकडेतिकडे झाले तरी कळीचे अडत नाही. प्रत्येक पेशीच्या वाट्याला प्रथिने थोडी कमी-जास्त येतातच, आणि तेवढा फरक बेम१ खपवून घेते.